बटणाला हात लावू नये

"काहीतरी चुकलं आहे. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा."

हे वाक्य लिहिणाऱ्या जमातीतलीच मी. चंदीगडला लागून असलेल्या मोहालीतल्या एका कंपनीत बसून गेली अकरा वर्षं मी लोकांच्या अ‍ॅपांची डागडुजी करते. असली वाक्यं कशी जन्माला येतात ते मला चांगलं ठाऊक आहे. शुक्रवारची संध्याकाळ झालेली असते, खाली कॅब येऊन उभी असते, आणि नेमकं काय बिघडलंय ते शोधायचा कोणालातरी मनस्वी कंटाळा आलेला असतो. तो हे वाक्य टाकतो आणि घरी जातो. मीही टाकलेलं आहे. म्हणून आमच्या मनीमाजऱ्याच्या फ्लॅटमधल्या भल्यामोठ्या टीव्हीवर ते पांढऱ्या अक्षरांत उमटलं, तेव्हा मला आलेला संताप अगदी आतल्या गोटातला होता.

टीव्ही स्मार्ट आहे असं त्याच्या खोक्यावर छापलं होतं. एखादा माणूस छातीवर 'मी हुशार आहे' अशी पाटी लावून हिंडायला लागला तर आपण त्याला चार हात लांब ठेवू. टीव्हीला मात्र आपण पैसे मोजून घरात आणतो आणि भिंतीवर टांगतो. आमचा टीव्ही टांगल्यापासून बहुतेक वेळ काळाच असायचा. मी लॅपटॉपवर बघते, नवरा मोबाईलवर. तो खऱ्या अर्थाने सुरू झाला तो आप्पा आल्यावर.

आप्पा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरकडच्या आमच्या गावाजवळ सबस्टेशनवर बत्तीस वर्षं ऑपरेटर होते. आई गेल्यावर तीन वर्षं एकटे राहिले. मागच्या जूनमध्ये परसात चक्कर येऊन पडले आणि दोन तास कोणाला पत्ता नव्हता. मी विमानाने गेले आणि जवळजवळ उचलूनच त्यांना इकडे घेऊन आले. लेकीच्या घरी जाऊन राहायचं हे त्यांना मुळातच पटत नव्हतं. दोन दिवस पाहुणा म्हणून ठीक, कायमचं कसं राहायचं? शेवटी त्यांनी अट घातली. "संक्रांतीपर्यंत बघतो. जमलं तर ऱ्हातो. न्हाई तर गुमान परत सोडायचं." मी कबूल केलं. मला ते राहायला हवे होते. रोज सकाळी फोन लावायचा आणि ते उचलेपर्यंत जीव टांगणीला लावून बसायचं, हे मला आणखी एक वर्षही झेपलं नसतं.

या शहरात त्यांच्याशी मराठी बोलणारं कोण? मी, माझा नवरा आणि टीव्ही. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. नवरा बत्तीस सेक्टरच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे, सकाळी सातला जातो. मी आठला. म्हणजे खरं बोलायचं तर टीव्हीच.

त्यावर आप्पा एक मालिका बघत. त्या मालिकेबद्दल मी शक्य तेवढं सभ्य शब्दांत सांगते. नायिकेची स्मृती तीन वेळा गेलेली होती. घरातल्या सगळ्या बायका झोपतानाही नथ घालत. एक मेलेला दीर परत आला होता आणि त्याला कोणी एवढंही विचारलं नाही की बाबा, होतास कुठे. ज्या माणसाने हयातीत टीव्हीसमोर दहा मिनिटं बसकण मारली नव्हती, तो माणूस ही मालिका मान पुढे काढून बघायचा. कारण साडेआठला इचलकरंजीहून माझ्या आत्याचा फोन यायचा. ती पण तेच बघायची. मग अर्धा तास दोघं त्या नथवाल्या बायकांवर तुटून पडायची. दुसऱ्या कुठल्याही विषयावर या भावाबहिणीचं बोलणं जेवलास का, जेवलो, याच्यापुढे जात नसे. मला हे समजत होतं. तरीही ती मालिका सुरू झाली की मी तोंड वाकडं करून आत जायची, आणि ते त्यांना दिसेल असं जायची.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अ‍ॅप बसलं. गोल फिरायचं, फिरायचं आणि मग ते वाक्य.

पहिला उपचार नवऱ्याने केला. रिमोट हातात घेऊन वीस मिनिटं त्याने टीव्हीच्या पोटातली सगळी दारं उघडून बघितली, एकातूनही काही हाती लागलं नाही. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, तरी तेच. या माणसाला धडधाकट माणूस शांत झोपवता येतो, पण झोपलेला टीव्ही जागा करता येत नाही. हे मी त्याला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "मग तूच बघ, तुझं तर कामच हे आहे." आता माझं काम हे आहे म्हणून मी घरी येऊनही तेच करायचं का, असं म्हणून मी ते आणखी दोन दिवस केलं नाही.

मग फोनाफोनी. अ‍ॅपवाल्यांच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, "मॅम, क्या आपने टीवी को एक बार ऑफ करके ऑन किया?" केलं होतं. "मॅम, एक बार और करके देखेंगे?" मी तिला सांगितलं की मी याच धंद्यात आहे, मला ही पायरी नको, पुढची दे. पुन्हा तीच पायरी तिने मला दिली. शेवटी दोष टीव्हीचा आहे असं तिने जाहीर केलं. टीव्हीवाल्यांच्या माणसाने दोष अ‍ॅपचा आहे असं सांगितलं. नेटवाला येऊन वायफायच्या डब्यावरचे हिरवे दिवे बोटाने मोजून गेला. "नेट तो पक्का चल रहा है जी." तिघांपैकी प्रत्येकाने नंतर मला मेसेज पाठवून आमच्या सेवेने तुम्ही किती समाधानी आहात ते विचारलं. मी तिघांनाही एकेक तारा दिला, कारण त्याच्या खाली जायची सोय ठेवलेली नव्हती.

खालच्या मजल्यावरच्या निवृत्त सरदारजींनी, ज्यांच्याबरोबर आप्पा सकाळी बागेत फिरायचे, जिन्यात मला थांबवून नवा टीव्ही घ्यायचा तोडगा दिला. "पुत्तर, नवां लै लो. सेल लग्गी होई ऐ." त्यांच्या घरी दर खोलीत एक टीव्ही आहे आणि सगळ्यांवर एकच क्रिकेट चालतं.

इकडे साडेआठला फोन येतच होता. पहिल्या दिवशी आप्पांनी आत्याला सांगितलं, बंद पडलाय, हुईल उद्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मी मोबाईलवर लावून दिलं, पण एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं. ते तो मोबाईल हातभर लांब धरून बसायचे आणि मधेच माझ्या ऑफिसचा फोन आला की नायिका गायब व्हायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो माझ्या हातात परत दिला. चौथ्या दिवशी आत्याने सगळा भाग फोनवर सांगितला. आप्पा फोन कानाला लावून ऐकत होते, आणि मधेमधे "बरं" म्हणत होते. पाचव्या दिवशी फोन तीन मिनिटांत संपला. फोन ठेवून ते म्हणाले, "संक्रांत आता म्हैन्यावर आली न्हवं?" मी स्वयंपाकघरात होते. एका फालतू मालिकेपायी माझे वडील गावाला परत जाणार आणि परसात पडून राहणार, आणि याचं कारण काय तर कोणीतरी शुक्रवारी लवकर घरी गेला.

शनिवारी टीव्ही कंपनीचा मेकॅनिक आला. पन्नाशीचा, मफलर गुंडाळलेला, कमी बोलणारा. त्याने अ‍ॅपकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ टीव्हीची तारीख उघडली आणि बाजूला झाला. टीव्हीच्या मते त्या दिवशी काही वर्षांपूर्वीची एक जानेवारी होती. तो अजून कारखान्यातच होता. एवढी जुनी तारीख सांगणाऱ्या टीव्हीवर समोरचं अ‍ॅप विश्वास ठेवत नाही, दार उघडत नाही, असं त्याने सांगितलं. अकरा वर्षं मी हेच काम करते. हे मला पहिल्या मिनिटाला सुचायला हवं होतं.

"किसी ने तारीख को ऑटोमैटिक से हटा के मैनुअल कर रखा है," तो म्हणाला. नवऱ्याने छताकडे पाहिलं. डिसेंबर लागताच रिमोट घेऊन मेन्यूत भटकताना त्याने कसलंसं घड्याळ लावलं होतं खरं. "और दीवार वाला स्विच कौन बंद करता है? लाइट जाते ही ये सब भूल जाता है."

"मी करतो की," आप्पा म्हणाले. प्रश्न हिंदीत होता तरी त्यांना कळला. थोडे ताठ बसले होते. "टीव्हीचंबी आणि त्या नेटच्या डब्याचंबी. बघून झालं की बटण बंद करायचंच असतंय."

आमच्या लहानपणी घरात मार खायचा एकच गुन्हा होता, तो म्हणजे खोलीबाहेर पडताना बटण चालू ठेवणं. परीक्षेत नापास झालं तर आप्पा नुसते बघायचे. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला तर पाठीत धपाटा.

आता हिशेब सरळ होता. आप्पा जूनपासून बटण बंद करत होते आणि डिसेंबरपर्यंत टीव्ही उत्तम चालला होता. बिघाड माझ्या नवऱ्याने केला होता. पण पाच दिवसांचा राग मला कुठेतरी ओतायचा होता आणि नवऱ्यावर ओतला असता तर तो उलटून बोलला असता. मी मेकॅनिकदेखत आप्पांना म्हटलं, "आप्पा, हे तुमचं सबस्टेशन नाही. तुम्हाला ज्यातलं कळत नाही त्यात कशाला हात घालता? या घरातल्या एकाही बटणाला हात लावायचा नाही. सांगून ठेवते."

मेकॅनिकला मराठी येत नव्हतं. तरी त्याने मान खाली घातली आणि आपले स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत भरायला लागला.

आप्पा म्हणाले, "बरं."

मी तेवढ्यावर थांबले नाही. सोमवारी ऑफिसातून चिकटणाऱ्या लेबलांचा एक कागद आणला आणि ठळक अक्षरांत छापून घेतलं, 'या बटणाला हात लावू नये'. मला हवी होती दोन लेबलं, एक टीव्हीला, एक वायफायला. कागदावर बारा होती. आता दहा वाया कशी घालवायची? मी कोणाची मुलगी आहे! हॉलमध्ये लावली, हीटरच्या प्लगला लावली, आप्पांच्या खोलीतल्या बोर्डावर लावली, बाथरूमबाहेर गीझरच्या बटणावर लावली. शेवटचं स्वयंपाकघरात. आप्पा माझ्यामागून चष्मा लावून हिंडत होते आणि एकेक वाचत होते. "अक्षर झ्याक आलंय," म्हणाले.

ऑफिसच्या कँटीनमध्ये मी हा किस्सा रंगवून सांगितला. माझे वडील रोज रात्री टीव्हीला मारून टाकतात आणि सकाळी तो बिचारा पुन्हा जन्म घेऊन विचारतो, मी कोण, कुठल्या साली आलो? टेबलावरची सहाच्या सहा माणसं हसली. एकीने आपल्या सासऱ्यांचा किस्सा सांगितला, दुसऱ्याने आजीचा. म्हाताऱ्या माणसांना यंत्रं कळत नाहीत या एका विषयावर आमच्या ऑफिसात पंजाबी, तमिळ आणि मराठी यांचं इतकं एकमत मी कधी पाहिलं नव्हतं. त्या कँटीनमधल्या प्रत्येकाच्या पगारात म्हाताऱ्यांना न कळणारी यंत्रं बनवल्याचे पैसे असतात. हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

टीव्ही सुरळीत चालू होता. नायिकेची स्मृती परत आली आणि आत्याचा फोन अर्ध्या तासावर गेला. मी जिंकले होते. संध्याकाळी मी साडेसहाला यायची तेव्हा घरभर अंधार असायचा आणि आप्पा टीव्हीच्या उजेडात शाल पांघरून बसलेले असायचे. दिवासुद्धा लावायची शुद्ध नाही, असं पुटपुटत मी लावायची. रात्री झोपायला जाताना त्यांच्या दाराखालून उजेड दिसायचा. वाचत असतील म्हणून मी पुढे जायची. सकाळी नवरा सहाला उठायचा आणि तो दिवा मालवायचा. "आप्पा लाइट चालू ठेवून झोपतात हल्ली," तो एकदा म्हणाला. मी म्हटलं, वय झालं.

मग एका सकाळी धुकं एवढं पडलं की समोरची इमारत दिसेना. मी घरूनच काम करायचं ठरवलं. दहाच्या सुमारास बाथरूममधून बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आप्पांचा एक आवाज आला, थंडीत दम कोंडल्यावर येतो तसा. मी उठून गेले. गीझरचा लाल दिवा लागलेला नव्हता. तिथे माझं लेबल होतं, सरळ रेषेत, एक कोपराही न सुटलेलं.

ते बाहेर आले तेव्हा त्यांचे ओठ काळेनिळे झाले होते. मी विचारलं, "आप्पा, गीझर?"

"पाटी लावलीयास न्हवं तू."

"अहो, पण आम्ही रोज लावतो की तेच बटण!"

"तुमचं घर हाय. पाटी तुम्ही लावलीया." डोकं पुसत ते पलंगावर बसले. चिडलेले नव्हते. सबस्टेशनवर नव्या माणसाला शिकवावं तसं सांगत होते. "आमच्यात रीतच हाय ती. लाइनवर माणूस चढला की इकडं बटणावर पाटी. ज्यानं लावली त्यानंच काढायची. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई, सायेब असला तरी. एकदा एकानं पाटी न बघता बटण दाबलं हुतं. खांबावर माझ्याबरोबरचा माणूस हुता."

"किती दिवस गार पाण्यानं अंघोळ करताय?"

त्यांनी टॉवेल झटकून वाळत घातला. दहा डिसेंबरच्या आसपास मी लेबलं लावली होती, आणि आता नाताळ आला होता. चंदीगडच्या थंडीत, पंचाहत्तरीच्या माणसाने, रोज. संध्याकाळी अंधारात बसायचं, कारण हॉलच्या बोर्डावर पाटी. हीटर समोर ठेवलेला, पण त्याच्यावरही पाटी. रात्री डोळ्यांवर उजेड घेऊन झोपायचं, कारण आम्हीच लावलेला दिवा आम्हीच मालवायचा.

मी नखांनी लेबलं ओरबाडायला लागले. चांगल्या प्रतीची होती ती, निघता निघत नव्हती. अर्धी निघाली, अर्ध्यांचा चिकट पांढरा थर तसाच राहिला. स्वयंपाकघरातली सुरी घेऊन मी खरवडत होते आणि रडत होते. आप्पा दारात उभं राहून बघत होते.

"सावकाश. बोर्डाला ओरखडं पडतील," ते म्हणाले. आणि मग, "बाई, संक्रांतीच्या आतलं तिकीट बघ."

माझ्या तोंडून निघालं, "का? टीव्ही तर चालतोय ना आता?"

"व्हय. टीव्ही झ्याक चालतोय."

मी त्यांची माफी मागितली. सगळ्या बटणांवरून त्यांचा हात धरून फिरवला, हे पंख्याचं, हे हीटरचं, हे तुमच्या खोलीतलं. आप्पा, वाटेल ते लावा, वाटेल ते बंद करा, टीव्ही गेला खड्ड्यात. ते मान डोलावत होते. ज्या माणसाने बत्तीस वर्षं आख्ख्या तालुक्याची वीज हाताळली होती त्याला मी पंख्याचं बटण दाखवत होते.

त्या संध्याकाळी साडेआठला आत्याचा फोन आला. मालिकेवर बोलून झालं. तिने बहुतेक तिकिटाचं विचारलं असावं, कारण आप्पांचा आवाज जरा खाली आला. मी जेवणाची ताटं मांडत होते.

"न्हाई गं, तसलं काय न्हाई. पोरीचं घर लई चांगलं हाय. समदं आपोआप चालतंय. मला कशाला हातबी लावाय लागत न्हाई."

जेवण झालं. ते आपल्या खोलीत गेले, पलंगावर आडवे झाल्याचा आवाज आला. मी भांडी आवरत कान देऊन उभी राहिले, बटणाचा आवाज येतो का म्हणून. बोर्ड त्यांच्या उशापासून वीतभर अंतरावर आहे. पाटी निघालेली होती.

"बाई," आतून हाक आली, "तेवढी लाइट घालवतीस काय?"

मी हात पुसले आणि जाऊन दिवा घालवला.